उस्मानिया हॉस्पिटलची जुनी इमारत: पाडायची की ठेवायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हैदराबादच्या उस्मानिया जनरल हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीचा विषय काढला की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, कधी खरंच माहिती हवी म्हणून आणि कधी नुसता वाद घालायला म्हणून. म्हटलं एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवू. माझं मत मी लपवत नाही, ही इमारत राहिली पाहिजे असंच मला वाटतं, पण पेशंटला चांगलं नवीन हॉस्पिटलही मिळालंच पाहिजे आणि या दोन गोष्टींचं एकमेकांशी भांडण नाही, ते भांडण लावून दिलेलं आहे.

नेमकी कुठली इमारत? हॉस्पिटल तर चालू आहे ना?

हॉस्पिटल चालू आहे. कॅम्पसमध्ये नंतर बांधलेले ब्लॉक आहेत, ओपीडीचा वेगळा, कुली कुतुबशाह नावाचा वेगळा. वाद आहे तो मूळ इमारतीचा. अफझलगंजला मुसी नदीच्या काठावर मोठमोठे घुमट, कमानी आणि लांबच लांब व्हरांडे असलेली ती इमारत, जिच्या बरोबर समोर नदीच्या पलीकडे हायकोर्ट दिसतं. नांदेड-लातूरकडून एसटीने गेलेल्यांनी महात्मा गांधी बस स्टेशनवर उतरून त्या बाजूला नजर टाकली असेल तर घुमट बघितलेच असतील. २०२० पासून ही जुनी इमारत सील करून ठेवलीय, आत पेशंट नाहीत.

तेलंगणातल्या हॉस्पिटलचं मराठी माणसाला काय पडलंय?

मराठवाड्यातल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर मला खरंच वाईट वाटतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे ही इमारत उभी राहिली तेव्हा परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद, औरंगाबाद इथल्या शेतकऱ्याचा सारा त्याच खजिन्यात जात होता. आपल्या घामाचा पैसा तिथल्या दगडात आहे. शिवाय तेव्हा मोठं ऑपरेशन म्हणजे हैदराबाद, मराठवाड्यात मेडिकल कॉलेजच नव्हतं, औरंगाबादचं घाटी सुरू झालं तेच १९५६ ला. 'हैदराबादला नेलंय' एवढं वाक्य ऐकलं की काहीतरी गंभीर आहे हे घरात सगळ्यांना कळायचं, आणि ते 'हैदराबाद' म्हणजे बऱ्याचदा उस्मानियाच असायचं. आजही सीमेवरच्या तालुक्यातले लोक मोठ्या आजाराला तिकडेच धाव घेतात.

पण निजामाच्या आठवणी कशाला जपायच्या? रझाकार विसरलात का?

विसरलो नाही आणि विसरायचंही नाही. ज्यांच्या घरात रझाकारांचा काळ भोगलाय त्यांचा राग समजतो, मुक्तिसंग्राम दिन आपण मनापासून पाळतो. पण हा दवाखाना म्हणजे राजवाडा नाही हो. इथे राजा राहिला नाही, इथे रयत झोपली, खाटेवर आणि जागा नसली तर व्हरांड्यात सतरंजीवर. बांधणारे गवंडी, पाथरवट, चुना मळणारे, पुढे शंभर वर्षं ड्युटी करणाऱ्या नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर, त्यांची ही इमारत आहे. शिवाय निजामाची आठवण पुसायची म्हणून ती कोणी पाडत नव्हतं, पाडायचं कारण वेगळंच सांगितलं जात होतं, ते पुढे येईलच.

या जागेवर आधी काय होतं?

अफझलगंज हॉस्पिटल, एकोणिसाव्या शतकात बांधलेलं. आणि ते गेलं कसं हे कळल्याशिवाय आताच्या इमारतीचं महत्त्व कळत नाही. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल, चादरघाटचा पूल वाहून गेले, हॉस्पिटल उद्ध्वस्त झालं, आणि शहरात किती माणसं गेली याचा आकडा साधारण १५,००० सांगतात. दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड होतं. पाणी चढायला लागल्यावर लोक त्या झाडावर चढले आणि फांद्या धरून बसून राहिले, त्या एका झाडाने दीडशेच्या आसपास माणसं वाचवली असं सांगतात. ते झाड आजही उस्मानियाच्या आवारात उभं आहे, पुराच्या स्मृतिदिनाला लोक तिथे जमतात.

त्या पुरानंतर शहराचा नव्याने विचार सुरू झाला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, त्यांनी पूर अडवायला वरच्या बाजूला धरणं बांधायचा सल्ला दिला, त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. १९१२ ला सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड आलं, नदीकाठ नव्याने आखला गेला, एका काठावर हायकोर्ट आणि दुसऱ्या काठावर हॉस्पिटल. त्यामुळे ही सुटी एक इमारत नाही, बुडालेल्या शहराने स्वतःला परत उभं केलं त्या सगळ्या आराखड्याचा ती तुकडा आहे. तो तुकडा काढला तर समोरचं हायकोर्ट आणि मधली नदी यांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही.

क्लोरोफॉर्मचा काहीतरी इतिहास आहे म्हणतात, तो इथलाच का?

आताच्या इमारतीतला नाही, त्याआधीच्या अफझलगंज हॉस्पिटलच्या काळातला. क्लोरोफॉर्म म्हणजे तेव्हाचं भुलीचं औषध, आणि ते कितपत सुरक्षित आहे हे तपासायला १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला दोन क्लोरोफॉर्म कमिशन झाली. एडवर्ड लॉरी नावाचे रेसिडेन्सी सर्जन होते, क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो हृदय बंद पडून की श्वास बंद पडून, हा त्यांचा प्रश्न, आणि त्यासाठी निजामाने पैसा दिला. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखा नावाजलेला माणूस आला. श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीकडे नको, असा लॉरींचा आग्रह होता. पुढच्या संशोधनात तो निष्कर्ष पूर्ण टिकला नाही, क्लोरोफॉर्म हृदयावरही घाला घालतो हे सिद्ध झालं, पण भूल देताना श्वास बघा ही सवय डॉक्टरांना लागायला या वादाचा मोठा हातभार लागला. आणि याच शहरात, लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी, ज्यांना जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानतात. एवढा वारसा असलेल्या संस्थेत याचं एक धड संग्रहालय नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

आताची इमारत कोणी बांधली?

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, व्हिन्सेंट एश नावाच्या ब्रिटिश आर्किटेक्टच्या डिझाइनवर. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बांधकामावर देखरेख करणारा हाच माणूस. हैदराबादचं हायकोर्ट, सिटी कॉलेज, काचीगुडा स्टेशन या कामांतही त्याचं नाव आहे. हॉस्पिटल १९२० च्या दशकात पूर्ण झालं, म्हणजे शंभरी भरलीच आता. स्टाइलला इंडो-सारासेनिक म्हणतात, कमानी-घुमट आपल्याकडचे आणि प्लॅन युरोपियन पद्धतीचा.

दिसायला भारी आहे मान्य, पण हॉस्पिटल म्हणून त्यात विशेष काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण जो तो घुमटाचे फोटो काढतो आणि खालच्या वॉर्डकडे कोणी बघत नाही. ही इमारत पेनिसिलिनच्या आधीची आहे. तेव्हा टीबी, न्यूमोनिया, जखमेतला पू यावर औषध नव्हतंच जवळपास, मग डॉक्टरच्या हातात काय होतं तर हवा, ऊन आणि दोन खाटांमधलं अंतर. म्हणून उंचच उंच छत, म्हणजे गरम आणि दूषित हवा वर जाईल, समोरासमोर मोठ्या खिडक्या, म्हणजे वारा आरपार जाईल, आणि बाहेरून व्हरांडा, म्हणजे हैदराबादचं मे महिन्यातलं ऊन थेट भिंतीवर पडणार नाही. भिंती जाड, दिवसाची उष्णता आत यायला रात्र होते. हे सगळं शोभेसाठी नाही, ही तेव्हाची ट्रीटमेंट होती.

आणि हे जुनाट झालं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हवेतून पसरणाऱ्या आजारांसाठी नैसर्गिक व्हेंटिलेशनवर आख्खी गाइडलाइन काढली, त्यात सांगितलेलं तत्त्व हेच. कोविडमध्ये एसी बंद करा, खिडक्या उघडा असं जगभर सांगावं लागलं आणि नेमकं त्याच वर्षी उंच छताचे हे वॉर्ड सील झाले.

इमारत पडायला आलीय असं डॉक्टरच म्हणतात, मग?

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. छताचे पोपडे पेशंटवर पडत होते, २०१८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हेल्मेट घालून पेशंट तपासले होते, फोटो सगळीकडे आले होते. ज्याच्या डोक्यावर प्लास्टर पडतं त्याला वारसा वगैरे ऐकवायचा मला अधिकार नाही, त्यांचा संताप शंभर टक्के बरोबर होता.

पण पोपडे पडणं वेगळं आणि इमारत पडणं वेगळं, हा फरक मुद्दाम पुसला गेला. २०१५ ला इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहणी करून सांगितलं होतं की इमारतीचा मूळ सांगाडा मजबूत आहे, कोसळायला आलेली नाही, दुरुस्ती करून वापरता येईल. म्हणजे आजार त्वचेचा होता, हाडांचा नव्हता. त्वचेच्या आजारानेही माणूस हैराण होतो हे खरं, पण त्यावर उपाय माणूस पुरणं हा नसतो.

अजून एक टेक्निकल गोष्ट, कारण इथे बरेच जण फसतात. स्ट्रक्चरल ऑडिट म्हटलं की हॅमर टेस्ट आणि अल्ट्रासोनिक टेस्ट करून रिपोर्ट देतात, पण या टेस्ट मुळात काँक्रीटसाठीच्या. चुन्यातल्या दगड-विटांच्या भिंतीला त्या लावल्या तर आकडे कमीच येणार, कारण चुना काँक्रीटइतका कडक नसतोच आणि नसायलाच पाहिजे. अशा भिंतीसाठी फ्लॅट-जॅक टेस्ट असते, भिंतीत बारीक खाच पाडून तिथे सपाट जॅक बसवतात आणि भिंतीवर प्रत्यक्ष किती भार आहे ते मोजतात. त्यामुळे कोणी 'रिपोर्टमध्ये इमारत फेल आहे' म्हणालं की पहिलं विचारायचं, कुठली टेस्ट केली आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला इंजिनिअर होता का.

मग एवढी वाट लागली कशी?

पाण्याने. शंभर वर्षांच्या इमारतीचा शत्रू वय नसतं, पाणी असतं. आणि ते आत कसं येतं हे समजून घ्या कारण हे प्रत्येक जुन्या सरकारी इमारतीत सारखंच आहे. गच्चीवरच्या पन्हाळीच्या तोंडाशी पाला अडकतो. ती साफ करायचं काम कोणाचं यावर दोन डिपार्टमेंट कागद फिरवतात. पाणी तुंबतं, कठड्याच्या सांध्यातून मुरतं. पुढच्या वर्षी त्या ओल्या सांध्यात पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं. पहिल्या पावसाळ्यात दोन पानं, हाताने उपटता येतील एवढी. कोणी उपटत नाही. चारपाच वर्षांत मूळ भिंतीच्या आत बोटाएवढं जाड होतं आणि दगड सरकायला लागतो, मग आख्खा कठडा सुटतो, तिथून आणखी पाणी. खाली वॉर्डमध्ये छताला डाग, मग बुरशी, मग पोपडे. पोपडा पडल्यावर फोटो छापून येतो, पिंपळाची दोन पानं होती तेव्हा नाही येत.

त्यात हॉस्पिटलची स्वतःची भर वेगळी. एसी बसवायला कमानीत भोकं, टॉयलेटचे पाइप बाहेरून भिंतीला लटकवलेले आणि ते गळतायत, व्हरांडे पत्रे ठोकून बंद केलेले म्हणजे हवाच खेळत नाही, गच्चीवर टाक्यांचं वजन. क्षमतेच्या कितीतरी जास्त पेशंट. एवढं सोसून इमारत उभी आहे हेच तिच्या मजबुतीचं सर्टिफिकेट आहे.

सिमेंटने छान प्लास्टर करून टाकलं तर?

नको, कृपा करून नको. जुनी भिंत चुन्याची आहे, ती ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल आतच कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि काही वर्षांनी सिमेंटचा थर स्वतः तर पडतोच, जाताना जुन्या विटेचं तोंडही घेऊन जातो. मग लोक म्हणतात बघा दुरुस्ती केली तरी टिकत नाही. चुन्याचं काम चुन्यानेच करायचं, चुना भिजवून मुरवायचा, घाण्यात वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ असं जे ज्या भागात चालतं ते घालायचं. वेळ लागतो. पण ही कला मेलेली नाही, हैदराबादमध्ये चौमहल्ला पॅलेसचं काम असंच झालं आणि त्याला २०१० मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला.

२०१५ पासून नेमकं काय काय झालं?

थोडक्यात सांगायचं तर २०१५ च्या जुलैमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी हॉस्पिटलला भेट दिली आणि जुनी इमारत पाडून तिथे उंच टॉवर बांधायचं जाहीर केलं. वारसाप्रेमी, आर्किटेक्ट, इतिहासकार, काही डॉक्टर रस्त्यावर आले, कोर्टात केस गेल्या, निर्णय लांबला. निर्णय लांबला म्हणजे इमारत वाचली असं नाही, कारण पाडायची असं ठरलेल्या इमारतीवर कोण खर्च करणार? पाच वर्षं दुरुस्तीही नाही आणि नवीन हॉस्पिटलही नाही, मधल्या मधे पेशंट.

मग जुलै २०२०. कोविड चालू, मोठा पाऊस झाला आणि गटाराचं पाणी थेट जुन्या इमारतीच्या वॉर्डमध्ये शिरलं. पेशंट खाटांवर पाय वर घेऊन बसलेत, नर्स घाण पाण्यातून चालतायत, ते व्हिडिओ देशभर फिरले. काही दिवसांतच इमारत रिकामी करून सील केली. आता मला सांगा, गटार तुंबल्यामुळे आलेलं पाणी हा इमारतीचा दोष कसा होतो? तिथे काचेचा टॉवर असता तरी पाणी आलंच असतं. पण बातम्यांत मथळे 'जीर्ण इमारत' असेच होते.

एक योगायोग सांगावासा वाटतो. इमारत सील झाली त्यानंतर काही आठवड्यांनी, १५ ऑगस्ट २०२० ला, तिथून जवळच असलेलं मोअज्जम जाही मार्केट डागडुजी करून पुन्हा उघडलं. तेही निजामाच्याच काळातलं, १९३५ चं, तेही दुकानदारांनी पत्रे ठोकून, भिंतींना भोकं पाडून विद्रूप केलेलं. ते साफ केलं आणि आता तिथे संध्याकाळी लोक कुटुंब घेऊन आइस्क्रीम खायला जातात. शहर तेच, सरकार तेच. म्हणजे जमत नाही असं नव्हतं.

आता नवीन सरकारने हैदराबादमधल्याच गोशामहलला हॉस्पिटल बांधायला घेतलंय ना? म्हणजे प्रश्न मिटला?

अर्धा मिटला. ३१ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी गोशामहलला नव्या उस्मानिया हॉस्पिटलचं भूमिपूजन केलं, २,००० बेडचं हॉस्पिटल, आणि जुनी इमारत वारसा म्हणून जपायची अशी भूमिका घेतली. ही चांगलीच गोष्ट आहे, मोकळेपणाने म्हणतो. गोशामहलच्या रहिवाशांचे आणि व्यापाऱ्यांचे ट्रॅफिकबद्दलचे, मैदान जाण्याबद्दलचे आक्षेप आहेत, तेही ऐकले पाहिजेत.

पण माझी खरी काळजी आता सुरू होते. नवीन हॉस्पिटल उभं राहून सगळं तिकडे हलेपर्यंत जुनी इमारत रिकामीच राहणार. रिकामी इमारत वापरातल्या इमारतीपेक्षा भराभर मरते. वापरात असली तर निदान कोणीतरी ओरडतं की इथे गळतंय. सील केलेल्या इमारतीत पिंपळ बघायला कोणी नाही, तारा आणि पाइप चोरणाऱ्याला अडवायला कोणी नाही, तुटलेल्या खिडकीतून चार पावसाळे आत गेले की मग खरंच अहवाल येतो, इमारत धोकादायक. तेव्हा पाडायला कोणाचा विरोधही राहत नाही. म्हणून आधी 'जपू' या शब्दाला तारीख आणि बजेट जोडून द्या, गच्ची आणि पन्हाळी तरी येत्या पावसाच्या आत नीट करा, एवढी मागणी आत्ताची आहे.

दुसरं म्हणजे मुसी रिव्हरफ्रंट. नदीकाठ सुधारायची मोठी योजना चालू आहे आणि उस्मानियाची जागा ऐन काठावर, शहराच्या मधोमध. अशा जागेवर कोणाकोणाचा डोळा असतो हे सांगायला नको. पर्यटनासाठी दर्शनी भाग ठेवायचा आणि मागचं सगळं तोडून कमर्शियल करायचं, असं जगात खूप ठिकाणी झालंय. त्याला जपणं म्हणत नाहीत.

कायद्याने संरक्षण नाही का?

होतं, मग काढलं. हैदराबादच्या झोनिंगच्या नियमांत रेग्युलेशन १३ होतं, त्याखाली वारसा इमारतींची यादी होती आणि उस्मानिया त्यात होतं. २०१५ च्या शेवटी ते रेग्युलेशनच रद्द केलं. पुढे २०१७ मध्ये तेलंगणाचा नवीन हेरिटेज कायदा आला, पण जुन्या यादीतल्या इमारतींचं काय हा गोंधळ राहिला.

तरी कोर्टाचं दार उघडं असतं हे एर्रम मंजिलने दाखवलं. तो राजवाडा पाडून तिथे विधानसभा बांधायचा निर्णय झाला होता, तेलंगणा हायकोर्टाने सप्टेंबर २०१९ मध्ये तो रद्द केला. आणि उलटं उदाहरणही आहे, २०२० च्या जुलैमध्ये जुनं सचिवालय पाडलं त्यात १८८८ चा सैफाबाद पॅलेस गेला. त्यामुळे कायदा असून भागत नाही, माणसं जागी असावी लागतात.

गरीब पेशंट महत्त्वाचे की दगड-विटा? खरं सांगा.

पेशंट. यात एक सेकंदही विचार करायची गरज नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला माझा उलटा प्रश्न आहे, इमारत उभी होती म्हणून पेशंटचे बेड अडले होते का? नवीन हॉस्पिटल गोशामहलला बांधता येतं हे आता दिसलंच ना, मग हे दहा वर्षांपूर्वी का नाही सुचलं? 'आधी पाडू, मग बांधू' या हट्टापायी पेशंटचीच दहा वर्षं गेली. आजचं ऑपरेशन थिएटर, आयसीयू, एमआरआय हे जुन्या इमारतीत बसवायला जाऊ नये हेही मी मान्य करतो, मशिनचं वजन, वायरिंग, इन्फेक्शन कंट्रोल, सगळं वेगळं लागतं. अवघड ट्रीटमेंट नव्या इमारतीत आणि जुनी इमारत सोप्या कामांना, इतकं ते साधं आहे.

रिकाम्या हॉस्पिटलचं करायचं काय पण?

जगात याची उत्तरं देऊन झालीत. बार्सिलोनाचं सांत पाउ हॉस्पिटल घ्या, १९०२ ते १९३० मध्ये बांधलेलं, लुईस दोमेनेक इ मोंतानेर या आर्किटेक्टचं. २००९ ला पेशंट शेजारच्याच नव्या इमारतीत गेले, जुन्याची दुरुस्ती करून २०१४ ला ते लोकांसाठी उघडलं, काही भागात आंतरराष्ट्रीय संस्थांची ऑफिस आहेत. मिलानचं पंधराव्या शतकातलं मोठं हॉस्पिटल दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालेलं, ते पुन्हा उभं करून आज तिथे युनिव्हर्सिटी चालते. लिऑनच्या ओतेल-द्यूमध्ये मात्र हॉटेल आणि दुकानं आली, इमारत सुंदर राखलीय पण गरिबांच्या दवाखान्यात आता महागडी खोली घ्यावी लागते. मला उस्मानियाचं तसं झालेलं नकोय.

माझं ऐकाल तर खालचा मजला ओपीडी, लसीकरण, डे-केअर, नातेवाइकांसाठी धर्मशाळा, कारण मोठ्या सरकारी हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर झोपणारी माणसं आपण सगळ्यांनी बघितलीत. एका विंगमध्ये वैद्यकीय इतिहासाचं संग्रहालय, महापूर, क्लोरोफॉर्म कमिशन, रूपाबाई, १८४६ च्या हैदराबाद मेडिकल स्कूलपासूनचा प्रवास. आणि नर्सिंगच्या मुलींचे क्लास. गरिबांसाठी बांधलेली जागा गरिबांच्याच वापरात राहावी, बाकी तपशील तज्ज्ञांनी ठरवावेत.

दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामापेक्षा जास्त येतो म्हणे?

कोण काय मोजतं त्यावर आहे. पाडायचा खर्च, मलबा नेऊन टाकायचा खर्च, तेवढ्या चौरस फुटांचं नवीन बांधकाम, आणि तिथे ओतलेल्या सिमेंट-स्टीलचं प्रदूषण, हे एका बाजूला धरलंय का ते बघा. बहुतेक वेळा तुलना करताना जुन्याची दुरुस्ती पूर्ण धरतात आणि नव्याचा फक्त बांधकामाचा दर धरतात.

मी महाराष्ट्रात बसून काय करू शकतो?

घरातली जुनी ट्रंक उघडा. आजी-आजोबांचा उस्मानियातला डिस्चार्जचा कागद, केसपेपर, तिथे शिकलेल्या डॉक्टर काकांचा बॅचचा फोटो, व्हरांड्यात काढलेला एखादा फोटो असेल तर स्कॅन करून ठेवा, मागे नाव-गाव-साल लिहा. आवाजात आठवणी रेकॉर्ड करा, ज्यांनी पन्नाससाठच्या दशकात तिथे आई-वडिलांसाठी रात्री काढल्या ती माणसं आता फार थोडी उरलीत. मराठवाड्याकडून हा कागदोपत्री पुरावा तिकडे पोहोचला तर ही इमारत फक्त हैदराबादच्या जुन्या शहराची नाही हे सिद्ध होतं. आरटीआयसुद्धा भारतातल्या कुठल्याही नागरिकाला तेलंगणा सरकारकडे टाकता येतो.

आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या सरकारी दवाखान्याचंही असंच चाललंय, सुरुवात कुठून करायची?

घोषणा व्हायच्या आधी सुरुवात करा, नंतर उशीर होतो. मुंबईत १९९५ पासून वारशाचे नियम आहेत, पुण्यातल्या ससूनच्या १८६७ च्या टॉवरवाल्या इमारतीला लोक ओळखतात, पण तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी बऱ्याच इमारती कुठल्याच यादीत नसतात. आधी नगरपालिकेत आणि टाउन प्लॅनिंगमध्ये जाऊन डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये ती जागा काय म्हणून दाखवलीय ते बघा, रिझर्व्हेशन बदलायची नोटीस निघाली असेल तर हरकत घ्यायला मुदत असते आणि ती कोणी तुम्हाला फोन करून सांगत नाही. मग आरटीआयमध्ये एवढं मागा: स्ट्रक्चरल ऑडिटची पूर्ण प्रत, फक्त शेवटचं पान नाही, कुठल्या टेस्ट केल्या आणि कोणी, मागच्या दहा वर्षांत दुरुस्तीवर मंजूर किती झाले आणि प्रत्यक्षात खर्च किती, आणि दुरुस्ती करून वापरायच्या पर्यायाचा अंदाजपत्रकात विचार केला का, केला असेल तर त्याची प्रत. चौथ्या प्रश्नाला 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तो कागद जपून ठेवा, पाडण्याला हरकत घेताना तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.